मार्थाच्या नावाचा नारळ

देवबागला जायचं मी ठरवलं ते रागाच्या भरात. १९६१ साल होतं. मी मुंबईत एका शाळेत इतिहास शिकवायची, आणि एका धड्यात छापलं होतं की अमेरिकेने जगभरच्या माणसांना आपलं म्हटलं. माझ्या सख्ख्या थोरल्या चुलत्याला, आपांना, याच अमेरिकेने नागरिक करून घेतलं आणि मग कागद परत मागितला. घरात एवढंच ठाऊक होतं. बाकीचं आपांच्याच तोंडून ऐकायचं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत पिशवी भरली आणि निघाले.

आता तुम्ही रात्री गाडीत बसता आणि सकाळी कुडाळला उतरता. तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट असे. डेकवर चटई टाकून जागा अडवायची आणि शेजारणीच्या टोपलीतल्या कोंबड्यांशी जमवून घ्यायचं. मालवणला होडीत उतरवताना खलाशाने माझी पिशवी पाण्यात टाकायचीच बाकी ठेवली, त्याच्याशी भांडले. तारकर्लीपर्यंत वाळू तुडवली, पुढे खाडीतून होडी मिळाली. वाळूत चपला हातात घ्या, हा सल्ला आजही लागू आहे.

देवबाग म्हणजे समुद्र आणि खाडी यांच्यामधली अरुंद पट्टी. आपा एकटेच राहत, स्वतः रांधत. त्या दिवशी बांगड्याचं तिखलं आणि उकडा भात होता. इतकं चवदार तिखलं मी पुन्हा कुठे खाल्लं नाही, आणि ते खातानाच आपांनी सगळं सांगितलं.

आपा बोटीवर खलाशी होते. न्यूयॉर्कला उतरले ते परत चढलेच नाहीत. न्यू जर्सीत रेशमाच्या गिरणीत लागले, रीतसर नागरिक झाले, तिथल्याच मार्था नावाच्या कामगार मुलीशी लग्न केलं. मग १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की हिंदी माणूस कायद्याच्या नजरेत गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊच शकत नाही. आधी झालेल्यांचेही कागद सरकार काढून घेऊ लागलं. त्यात आपांचा गेला. परक्याची बायको म्हणून मार्थाचंही नागरिकत्व गेलं. ज्या गल्लीत ती जन्मली तिथेच ती परकी झाली. बायकांना मतदानाचा हक्क नुकताच मिळाला होता; तिने एकदाच मत दिलं, तेवढंच. देश फक्त गोऱ्यांचा म्हणणारे, तोंडं झाकून पांढरे झगे घातलेले लोक भर दुपारी मिरवणुका काढत, आणि पोलीस त्यांना रस्ता मोकळा करून देत. पुढे मंदीत गिरणी बंद पडली. मार्था क्षयाने गेली आणि आपा गावी परतले.

आपांचं आता एकच मागणं होतं. गावच्या जत्रेत त्यांच्या आणि मार्थाच्या नावाने गाऱ्हाणं घातलं जावं. गाऱ्हाणं म्हणजे गावकाराने, गावच्या मुख्य मानकऱ्याने, नारळ ठेवून, माणसाचं नाव घेऊन देवाकडे मागायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक मागणीला ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. ज्याच्या नावाला गाव ‘व्हय’ म्हणतं, तो गावचा. आपा दर वर्षी विचारत आणि दर वर्षी गाव नाही म्हणे. यंदा गावकार जरा नरमलाय, असं ते मला हसत म्हणाले.

जत्रेला मीही गेले. गुळाचं खाजं घेतलं, दशावतारवाल्यांची तयारी पाहिली. आपांची पाळी आली. गावकाराने नारळ हातात घेतला आणि आवाज न चढवता सांगितलं, “तुजा नाव घेतंय. तिचा घेवचंय नाय. ती खंयच्या देवाची, आमका म्हायत नाय.”

जमलेल्यांतले निम्मे मुंबईत नोकरी करणारे, वर्तमानपत्र वाचणारे, गोऱ्यांच्या वर्णद्वेषावर तावातावाने बोलणारे. एकाने तोंड उघडलं नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पुढे झाले तर आपांनी माझा हात धरला.

“थंय कोर्टान माका सांगल्यान, तू गोरो नाय,” ते गावकाराला म्हणाले. “तिका सांगल्यान, तू ह्याची बायल, आता तूय आमची नाय. तुमी सांगतास, ती आमची नाय. मगे ती खंयची रे?”

गावकाराने पुढच्या माणसाला बोलावलं. आपांनी आपला नारळ परत घेतला. नुसत्या स्वतःच्या नावावर त्यांचं काम झालं असतं. ते त्यांनी नाकारलं.

आम्ही खाडीवर गेलो. आपांनी नारळ वाळूत ठेवला, हात जोडले. “बा देवा म्हाराजा, ह्यो नारळ माजो आणि माजी बायल मार्था, तिचो. तिका कोणीच आपला म्हणाक नाय. तू तरी म्हण.”

“व्हय म्हाराजा,” मी म्हटलं. बायकांनी म्हणायची रीत आहे की नाही, मी विचार केला नाही. माझा एकटीचाच आवाज होता, आणि तो रागाने फाटला होता.

तुम्ही देवबागला जरूर जा. राहायची सोय आता उत्तम आहे, मासळी ताजी मिळते, पाण्यातले खेळही आहेत. मला मात्र ती किनारपट्टी सुंदर आहे असं म्हणताना अजून दात आवळावे लागतात.

मुंबईला पोचले तेव्हा आई विळीवर तिसऱ्यांचे शिंपले उघडत बसली होती. आपा कसे आहेत, तिने विचारलं. मी जत्रेतलं सगळं सांगितलं. तिने आणखी दोन शिंपले उघडले. मग म्हणाली, “नाव काय गो तिचा?”

आपा परतल्यापासून आमच्या घरात त्या बाईला ‘मडम’ म्हणत. इतक्या वर्षांत आईने हे विचारलं नव्हतं. मला तिच्यावर ओरडायचं होतं.

“मार्था,” मी म्हटलं.

आईने ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. मग विळीकडे बघत म्हणाली, “म्हणजे माजी थोरली जाव.”