थंबनेलमध्ये लागलेलं माझं लग्न

कुठून सुरुवात करू तेच मला कळत नाही, कारण ह्या प्रकाराला कुठल्याही बाजूने हात घातला तरी माझीच फजिती हाताला लागते. तुम्ही चहा घ्या. मी उभ्यानेच सांगतो, मला बसून राहवत नाही.

हा रोग जुनाच आहे. हजामाच्या खुर्चीत मी दाढीला बसलो की तो आधी देवाचं नाव घेतो. आणि अशा माणसाने धंदा कुठला काढावा? फोटो स्टुडिओ! समोरच्याला दिवसभर "हलू नका" म्हणायचं आणि स्वतः मात्र स्टँडभोवती घिरट्या घालायच्या.

दुकान शाहूपुरीत. कॅमेरे तेव्हा नुकतेच डिजिटल झाले होते. रोल धुवायची कटकट गेली म्हणून मी पेढे वाटले होते, पण खरी कटकट पुढेच होती. फोटो सुधारायचं जे सॉफ्टवेअर होतं, त्यात फाईल उघडायला गेलं की एक खिडकी यायची आणि तिच्यात एकाखाली एक सारखीच निळी चिन्हं. पुढे कॅमेऱ्याने दिलेला लांबलचक नंबर. आता त्या नंबरात नवरी कुठली, बारशाचं पोर कुठलं आणि तालमीतला पैलवान कुठला, हे माणसाने ओळखायचं कसं?

मी अंदाजाने उघडायचो. पोर पाहिजे असलं की पैलवान निघायचा. तोही लगेच नाही हां, आधी डोकं, मग मान, मग छाती असा पडद्यावर सावकाश उतरायचा. तेवढ्यात मी दारात जाऊन रस्ता बघून यायचो. परत येऊन बघतो तर पैलवानच. बंद करा, दुसरा उघडा. दुसराही पैलवानच, नुसता मिशीला पीळ भरताना.

"फायलींना नावं दे की," सगळे सांगायचे. अहो, नावं द्यायला एका जागी बसावं लागतं.

शेजारी सलीमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. सलीम माझा शाळेपासूनचा दोस्त, त्यामुळे सल्ला फुकट आणि त्याच लायकीचा.

"सलीम, ह्या खिडकीत फोटो का दिसत न्हाईत गा?"

"माझ्याकडं दिसत्यात की."

"माझ्याकडं न्हाईत म्हणून तर आलोय."

"मग सॉफ्टवेअर काढून परत टाक."

काढलं, टाकलं. काही दिसलं नाही.

"मग विंडोज परत टाक."

तेही टाकलं. निळी चिन्हं होती तशीच.

"मग जरा दम धर," सलीम म्हणाला. नेमका तोच एक इलाज माझ्याकडे नव्हता.

आणि त्याच दिवसांत माझ्या लग्नाचं बघणं चाललं होतं. कोडोलीचं स्थळ मावशीने आणलं होतं. मुलीचं नाव सुजाता, शिकलेली, घरची शेती. माझा फोटो आणि माहिती तिकडे गेली, तिचा फोटो आमच्याकडे आला. काय सांगू, तो फोटो बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पाच मिनिटं एका जागी बसलो. आई घाबरली, तिने कपाळाला हात लावून ताप बघितला.

पण कोडोलीहून निरोप येईना. आमच्याकडे रिवाज असा की, पटलं नाही तर फोटो परत द्यायचा. म्हणजे हा फोटो कधीही परत मागतील. मी गुपचूप तो दुकानात नेला आणि स्कॅन करून ठेवला. ठेवला तो ठेवला. पण नुसता ठेवून गप्प बसेन तर तो मी कसला?

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. जोडा कसा दिसतो ते बघावं म्हटलं, एवढंच. तिला एका नवरीचा शालू नेसवला. मला एका नवरदेवाचा सूट घातला. मुंडावळ्या तिसऱ्याच लग्नातल्या बांधल्या. मागे नृसिंहवाडीचा घाट टाकला, म्हणजे दत्ताचा आशीर्वादही आला. असा काही जोडा शोभला म्हणता! आईला हाक मारून दाखवावासा वाटला, इतका.

फोटो त्याच ढिगात ठेवून दिला, नाव म्हणून एक नंबर ठोकला. ज्या ढिगात माझं मलाच काही सापडत नव्हतं, तिथे दुसऱ्याला काय सापडणार होतं?

चार दिवस गेले, निरोप नाही. फोन वाजला की मी उडी मारायचो. एका सकाळी नुसत्या बेचैनीने मी त्या खिडकीतलं दिसेल ते बटण दाबत सुटलो. एकाने तारखा दिसल्या, एकाने सगळी चिन्हं बारीक झाली. मग वरच्या कोपऱ्यातलं एक बारकं बटण दाबलं, त्यातून एक यादी लोंबली, तिच्यात 'थंबनेल्स' लिहिलेलं होतं. तेही दाबलं. आणि पटापटा एकेका चौकोनात फोटो उगवायला लागले. नवरी, पोर, पैलवान, सगळे आपापल्या जागी हजर.

अख्खं विंडोज परत टाकलं होतं हो मी! आणि बटण तिथंच होतं, माझ्या नाकासमोर.

ही बातमी सांगायला सलीमकडे धावलो तर त्याचं दुकान बंद. आता इतका मोठा आनंद पोटात घेऊन मी एकटा कुठे फिरणार? तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं. पांढरी टोपी, धोतर, हातात पिशवी.

"मालक कुठं हायत?"

"मीच की."

त्यांनी मला वरून खालपर्यंत बघितलं. मग परत वर बघितलं आणि तिथेच जरा थांबले.

"तुमीच व्हय," ते म्हणाले. "वडलांचा जुना फोटो हाय. कोपरा फाटलाय, नीट हुईल का?"

"हुईल की. बसा पावणं."

मी त्यांना कॉम्प्युटरपाशीच स्टूल दिलं. ते बसले आणि विचारायला लागले. दुकान स्वतःचं का भाड्याचं? घरी कोण कोण? पान-तंबाखू काही? आता, कोल्हापुरात गिऱ्हाईक एवढं विचारतंच. मी आपला धडाधडा सांगत होतो, कारण माझं लक्ष दुसरीकडेच होतं.

"पावणं, एक गंमत दाखवतो," मी म्हणालो. "आजवर ह्या खिडकीत काय बी दिसत नव्हतं. आता बघा."

आणि उघडली की मी खिडकी! फोटो उगवायला लागले. पाहुणे कौतुकाने पुढे वाकले. मग एकदम त्यांचं बोट पडद्यावर टेकलं.

"ही कोण?"

मी बघितलं. वाडीचा घाट, मुंडावळ्या, सुजाता आणि मी.

आता तुम्हीच सांगा, काय बोलणार? ओळख ना देख अशा माणसाला कसं सांगायचं की, मी न बघितलेल्या पोरीला शालू नेसवून शेजारी उभी केलीय? मला घाम फुटला. आणि मला घाम फुटला की तोंड आपलं आपणच चालतं.

"ती व्हय? ती आमची मंडळी."

"मंडळी म्हंजे, बायको?"

"बायकोच की."

पाहुण्यांनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"लगीन कवा झालं?"

"झालं की, मागल्याच महिन्यात. वाडीला."

"तिच्या घरच्यास्नी ठावं हाय?"

इथे थांबायचं होतं. इथे कुणीही शहाणा माणूस थांबला असता.

"कुठलं ठावं," मी म्हणालो. "बाप लई कडक हाय तिचा. म्हणून तर गुपचूप उरकलं. पोरगी लई धीराची बघा, म्हणाली, बाबांचं मी बघून घेईन."

पाहुणे उठले. पाणी विचारलं तर नको म्हणाले. फाटका फोटो पिशवीत घातला आणि चालायला लागले. मला वाटलं, गिऱ्हाईकाला दर परवडणार नसेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानासमोर जीप थांबली. तिच्यातून आधी ते टोपीवाले पाहुणे उतरले. त्यांच्यामागून माझी आई, पदराने डोळे पुसत. आणि शेवटी सुजाता. शालूत नव्हती, साध्या पंजाबी ड्रेसात होती, पण मी एका क्षणात ओळखली आणि माझे पाय पहिल्यांदाच जागचे हलेनात.

टोपीवाले म्हणजे कोण, ते आता तुम्हाला कळलंच असेल. मला तेव्हा कळलं. मुलीचा बाप, मुलाची चौकशी करायला गिऱ्हाईक होऊन आला होता.

आई आधी बोलली. "कवा केलंस रं लगीन? आईला एक शब्द सांगावासा वाटला न्हाय तुला? शालू कुणी काढला? मानपान कुणी केला?"

"आई, लगीन झालेलं न्हाय."

"काल तर झालंय म्हणालास," सुजाताचे वडील म्हणाले. "मी रातभर पोरीला इचारतोय. ती म्हणती, मी त्या माणसाला बघितलेलं बी न्हाय. पर मी माझ्या डोळ्यानं फोटो बघितलाय. फोटो काय खोटं बोलतोय?"

तो काळच असा होता बघा. माणूस खोटं बोलेल, पोटची पोरगी खोटं बोलेल, पण फोटो बोलणार नाही.

"मी आज बघतोय ह्यांना," सुजाता म्हणाली. इकडच्या बायका पुरुषांसारखं बोलतात तशीच बोलली, पण आवाज असा की काच तडकावी. रात्रभर रडून डोळे सुजले होते तिचे. मला खरंच मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्या एका रिकाम्या दुपारपायी ह्या पोरीच्या बापाचा तिच्यावरचा विश्वास उडाला होता.

"दाखवतो," मी म्हणालो. "सगळं दाखवतो. बसा."

खिडकी उघडली. तेव्हा मात्र त्या थंबनेलांना मी मनातल्या मनात हात जोडले. एकेका चौकोनावर बोट ठेवून सांगत गेलो. हा बघा शालू, ही बघा त्याची खरी मालकीण. हा सूट, ह्या नवरदेवाचा. ह्या मुंडावळ्या इथल्या. हा मोकळा घाट. हा तुमचा फोटो, तुम्हीच पाठवलेला.

बापाच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू उलगडायला लागल्या. शेवटी त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चुकलं गं बाई माझं." आई रडायची थांबली. मला वाटलं, सुटलो. एवढंच नाही, निर्लज्ज मनाला असंही वाटलं की आता ह्यांनी आमचा जोडा बघितलाय, शोभतोय हेही बघितलंय, तर होऊन जाईल काम.

तेवढ्यात सुजाताने एका चौकोनावर बोट ठेवलं.

"ह्यो कोण?"

शेजारी शेजारी दोन फोटो होते. एक कोडोलीला पाठवलेला, माझा. आणि एक त्याच्या आधीचा, माझाच.

"मीच," मी म्हणालो.

"दोनी तुमीच?"

"दोन्ही मीच."

"मग हे केस?"

आता लपवायचं काय राहिलं होतं? मी डोक्यावरून हात फिरवला. तिथे हाताला काही अडत नव्हतं. तिशीच्या आतच सगळं मैदान मोकळं झालेलं, तो फोटो पाठवायचा कसा, म्हणून एका नवरदेवाचे केस उचलून स्वतःवर लावले होते. तेही भांग पाडून.

"केसाचं मी कालच बघितलं हुतं," तिचे वडील म्हणाले. त्यांनी टोपी काढली. खाली माझ्यासारखंच होतं. "म्हटलं, असू दे. डोक्याच्या वर काय नसलं तरी चालंल, आत काय हाय ते बघू. मग बसलो स्टुलावर."

सलीम एव्हाना दारात येऊन उभा होता. त्याने तोंडावर रुमाल धरला.

"आमची चूक झाली," आई म्हणाली. "पर पोरगं मनानं वाईट न्हाय. पोरी, तुला काय वाटतं?"

सुजाताने त्या घाटावरच्या जोड्याकडे बघितलं. मग ओढणी सारखी केली आणि म्हणाली, "टकलाचं मला काय न्हाय. पर ज्या लग्नाला मला बोलावलं न्हाय, तिथं मी नांदणार न्हाय."

आणि जीप गेली. फोटो परत मागायचाही कुणी विसरलं नाही.

पुढे आईने महिनाभर माझ्याशी बोलणं टाकलं आणि सलीमने महिनाभर दुसरं काही बोलणं टाकलं. मी ढिगातल्या सगळ्या फायलींना बसून नावं दिली. तीन दिवस लागले. बसलो होतो, खरंच सांगतो.

उन्हाळ्यात सुजाताचे वडील परत दुकानात आले. ह्या वेळी पोरीच्या लग्नाची पत्रिका घेऊन, आणि अल्बमचं काम घेऊन.

"माझ्याकडं?" मी म्हणालो.

"तुझ्याकडंच. बाप असून मी फसलो, म्हंजे काम नंबर एक हाय तुझं. त्यात वाद न्हाय."

लग्नात मी फोटो काढले. ती हसत होती, खरी हसत होती. नवरदेव भला माणूस, सरकारी नोकरी, आणि डोक्यावर माझ्यापेक्षाही कमी. त्याने फोटो आहे तसाच पाठवला होता म्हणे.

अल्बम करायला बसलो तेव्हा वडील शेजारी स्टुलावर येऊन बसले. मी विचारलं, काही खास सूचना?

"तुझ्या मनाला यील तसं कर," ते म्हणाले. "रंग उजळ कर, फुलं घाल, मागं घाट घाल. फकस्त एक ध्यानात ठेव. नवरा बदलायचा न्हाय."