साडूभाऊंचे दोन पेले

मुलीच्या स्थळापेक्षा पाण्याची अधिक कसून चौकशी करणारा गृहस्थ सबंध वर्धा जिल्ह्यात एकच असावा, आणि तो माझा थोरला साडू होता, हे मी थोड्या संकोचानेच लिहितो. जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत उभी हयात काढून साडूभाऊ सिंदी मेघेत आमच्या शेजारी राहायला आले. त्यांच्या बैठकीतल्या काचेच्या कपाटात ना देव होते, ना नातवंडांचे फोटो. होत्या त्या चिठ्ठ्या लावलेल्या पाण्याच्या बाटल्या. मुलीला पाहायला आलेल्या मंडळींपुढेही त्यांनी चहाआधी दोन पेले ठेवले, एक जमिनीत जाण्यापूर्वीच्या पाण्याचा आणि एक उपसून वर आलेल्या पाण्याचा, आणि फरक विचारला. मंडळींनी फरक सांगितला नाही. होकारही कळवला नाही.

या पेल्यांमागे आमच्या वसाहतीची योजना होती. हिवाळ्यात केंद्राकडून मिळणारे जादा शुद्ध पाणी बोअरवाटे जमिनीत सोडायचे आणि उन्हाळ्यात उपसून नळाला द्यायचे. सोडताना समितीने पाणी तपासून घेतले आणि अहवाल चौकटीत बसवून कार्यालयात टांगला. उपसताना पुन्हा तपासावे असे कोणाला वाटले नाही; आपणच ठेवलेले आपणच काढणार, त्यात तपासायचे काय? साडूभाऊ मात्र प्रत्येक बैठकीत बाटली घेऊन उभे राहत. अध्यक्ष त्यांना ‘तीर्थवाले बुवा’ म्हणत आणि सभा हसे. मीही हसे, जरा हळू.

अखेरच्या बैठकीत ते माझ्याकडे वळले. “भाऊ, शुद्ध पानी उपाशी रायते. खाली गेलं का गोट्यातलं लोखंड खाते. अजून काय काय खाते, ते तपासल्याबिगर मलेबी सांगता येत नाई. तुमी शिकेल माणूस. एवढं वहीत लिहून ठेवा.”

इतिवृत्त मीच लिहीत असे. अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिले. मी सुवाच्य अक्षरात लिहिले : अन्य विषय नसल्याने सभा समाप्त झाली.

उन्हाळ्यात नळाला तांबूस पाणी आले. तक्रार करणाऱ्यांना अध्यक्षांनी चौकटीतला अहवाल दाखवला आणि लोक ते पाणी गाळून पिऊ लागले.  घर विकून साडूभाऊ समुद्रपूरला मुलाकडे निघाले, तेव्हा नळाच्या पाण्याची एक बाटली माझ्या हातात देऊन त्यांनी इतकेच विचारले, “तपासून घ्यान ना?”

मी हो म्हणालो.

बाटली अजून माझ्या टेबलावर आहे. तळाशी तांबडा गाळ बसला आहे. तो हलू नये म्हणून मी धूळही जपून पुसतो. घरी कोणी आले की एकच पेला पुढे करतो आणि ते पीत असताना खिडकीबाहेर पाहतो. दुसरा पेला मागणारे कोणीतरी यावे, असे हल्ली फार वाटते.