शेठचं हसू

लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधायला वरवंडच्या त्याच दुकानात मी मुद्दाम गेले. कोऱ्या कापडाचा खळीचा वास आला आणि माझ्या लग्नाचा बस्ता आठवला.

आईनं भरजरी शालूवर हात ठेवला, तेव्हा शेठ हसला होता. "मावशी, तो राहू द्या. तुम्हाला नाही झेपायचा."

आईचं तोंड लालेलाल झालं. "त्योच बांधा!"

त्या शालूपायी आमची दुभती म्हैस गेली. शेठ प्रत्येकीला असंच डिवचून महाग माल खपवतो, हे मला पुढं कळलं. तेव्हापासून मी डूख धरून होते.

आज म्हाताऱ्या शेठला मी गादीभर शालू उलगडायला लावले. सगळ्यात भारी शालूला हात लावला. तो तसाच हसला. "ताई, तुम्हाला नाही झेपायचा."

"व्हय शेठ, न्हाई झेपायचा. घाला समद्यांच्या घड्या, आन् स्वस्तातला दावा."