धुराड्याची भिंत आणि काकांचा गमछा

भिंत गरम लागली. सगळं तिथूनच सुरू झालं.

राजापेठेतल्या आमच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात किस्से काजळीसारखे जमतात. झाडायला गेलं की अंगावरच येतात! इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी इथे लागले. प्लगचे पॉइंट कुठे घ्यायचे ते मी आखायचं, वायरिंग दुकानातले जुने वायरमन, शेषरावकाका, यांनी करायचं.

तर पहिलीच साइट. जुन्या स्वयंपाकघराचं मॉड्युलर किचन होणार होतं. चुलीचा धूर वर नेणारं पोकळ धुराडं भिंतीतच, आणि सॉकेट नेमके त्याच भिंतीत हवे. घरच्या काकू म्हणाल्या, "चूल कवाचीच बंद हाय." मी भिंतीला हात लावला आणि किंचाळले. गरम!

काकांनी वाकून चुलीत पाहिलं. आत पराट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांचे निखारे, वर दोन वांगी. दारात आजोबा उभे.

"गॅसवर भाजलं त्याले भरीत म्हनत नाहीत," ते हळूच म्हणाले. "सुनेले सांगू नका!"

काकू त्यांच्या मागेच उभ्या होत्या.

सॉकेट बाजूच्या भरीव भिंतीत सरकवले. तेव्हापासून काकांचा नियम झाला, "धूर जाते तिथून वायर जानार नाही."

*

वरूडला एका संत्रा व्यापाऱ्याच्या घरी धुराड्यात पारवे निघाले. बाजूच्या भिंतीला छिन्नी लागली, धुराड्यात फडफड झाली, आणि मी अशी ओरडले की बाहेर ट्रक भरणारे हमाल धावत आले!

काका शिडीवरून म्हणाले, "पारवे भेले नाहीत तेवढे हमाल भेले."

त्या दिवसापासून काकांनी माझं नाव ठेवलं टेस्टर. "करंट असो का पारवा, हे पोरगी पयले पेटते!"

*

एका वहिनींना मिक्सरचा प्लग थेट शेगडीच्या वर हवा होता. मी वाफ, तेल, उष्णता, सगळं समजावलं. काही उपयोग नाही.

काका म्हणाले, "वहिनी, फोडनीत मोहरी तडतडते ते ठीक हाय. प्लग तडतडला तं भाऊजीले सोडून पळसान!"

वहिनींनी खरंच विचार केला. "पयले मिक्सर उचलीन," त्या म्हणाल्या.

*

काकांची एक रीत आहे. मेन स्विच बंद केला की त्यावर आपला गमछा टांगायचा. म्हणजे आत माणूस काम करून राहिला, हात लावू नका.

मला ते कधीच पटलं नाही. "काका, नुसता गमछा? फ्यूज काढून खिशात ठेवत जा ना!"

"अवं टेस्टर, आता खिशात फ्यूज घेऊन हिंडू? घरी बुढी इचारीन, कोनं देल्ला म्हून!"

मी रोज सांगायचे. ते रोज हसायचे.

*

मागच्या आठवड्यात काका अकोल्याला एकटेच गेले. तिथेही धुराड्याची भिंत. मी दुकानात. दुपारी त्या घरच्या मावशींनी फोटो पाठवला. अंगणातली दोरी, आणि दोरीवर काकांचा गमछा!

खाली मेसेज होता, "लय मळला होता बिचारा. भाऊ काम करून राहिले तवर धुऊन टाकला. टाकीतलं पानी संपलं, आता मोटर लावून पायतो."

मोटर लागत नाही म्हटल्यावर मावशी मेनकडेच जाणार. तिथे आता गमछा नाही!

मावशींना फोन लावला. उचलला नाही. काकांना लावला. रिंग वाजतेय, वाजतेय, बंद.

मालक दिगंबरभाऊ म्हणाले, "काय झालं, पोरी?" मी फोटो दाखवला. "लाव पुन्हा!" ते म्हणाले.

पुन्हा मावशी. पुन्हा काका. डोळ्यांसमोर ती भिंत, उघड्या वायरी, आणि काकांचे घामेजलेले हात.

पुन्हा लावला.

काकांनी उचलला!

"बोला, टेस्टर! फ्यूज माह्या खिशात हाय. माहा गमछा वला कावून हाय, ते तेवढं मावशीले इचारा!"