आमच्या खड्ड्याचं पाणी

आमच्या बोअरला उन्हाळ्यात पाण्याऐवजी हवा यायला लागली, तेव्हा आईनं एकच धोशा लावला: नवा बोअर, आणखी खोल. हंडे वाहून तिचे गुडघे गेले होते. पण वडील पडले विज्ञानाचे निवृत्त गुरुजी. "जमिनीतून नुसतं काढायचं किती? आता आपण भरायचं," म्हणाले. त्यांनी बोअरशेजारी खड्डा खणवला, त्यात दगडगोटे, खडी, वाळू असे थर दिले आणि गच्चीवरच्या पावसाचा पाइप त्यात सोडला.

भिंतीपलीकडे किराणा दुकानदार राहायचे. आमच्या कडुलिंबाचा पाला त्यांच्याकडे पडतो, या भांडणावरून बोलचाल बंद. पाला आमच्या झाडाचा नव्हेच, हे वडिलांचं ठाम मत. अख्ख्या बोरी गावात दुसरा कडुलिंब जवळपास नव्हता, तरीही.

खड्डा बघून शेजारी भिंतीला ऐकवल्यासारखं ओरडले, "सारं गाव पानी उपसायलंय, अन् गुरुजी खड्ड्यात ओतायलेत!"

पावसाळाभर वडील छत्री घेऊन खड्ड्यापाशी उभे. पाणी गडप झालं की यांचा चेहरा फुलायचा. आई चिडायची, "त्या खड्ड्याचे लाड करता, तेवढे माझ्या गुडघ्यांचे करा की."

चैत्रात निकाल लागला. आमचा बोअर फुसफुसून बंद पडला आणि शेजाऱ्यांचा धो धो चालू. जमिनीचा उतार तिकडं होता, हे गुरुजींनी बघितलंच नव्हतं. मला हसू आवरेना, आईला रडू.

"ते पाणी आमचं हाय!" वडील भिंतीवरून गरजले.

"मग तुमचं कोणतं ते वळखा, अन् न्या!"

आईनं डोळे पुसले, नळी उचलली आणि एक टोक भिंतीपलीकडे फेकलं. "भाऊ, वळखत बसायला येळ न्हाई. चालू करा."

पलीकडे मोटर घरघरली. मग नळी वळवळली आणि आमच्या अंगणात पाणी आलं. वडिलांनी ते दिवसभर तोंडाला लावलं नाही. संध्याकाळी चहा मात्र प्यायले. चहात पाणी कुणाचं, हा विषय आम्ही कुणी काढला नाही.

पुढचा पावसाळा तोंडावर आला आणि एका सकाळी शेजाऱ्यांनी न विचारता आपल्या गच्चीचा पाइप भिंतीवरून आमच्या खड्ड्यात सोडला. वडील बाहेर आले. त्यांनी पाइप हातात घेतला, डोळा लावून आत बघितलं, खाकरले आणि कित्येक वर्षांनी शेजाऱ्यांशी न ओरडता बोलले.

"वर जाळी लावा. आमच्या लिंबाचा पाला पडतो तुमच्याकडं."