मी न बघितलेला आऊट

सात-चार असा स्कोअर, शेवटची इनिंग, दोन जणी आऊट झालेल्या आणि माझ्या घड्याळात सहा वाजत आलेले. मी वही खिशात कोंबली आणि स्कूटरला किक मारली.

बेसबॉल माझ्या गळ्यात पडला होता. मी मूळचा क्रिकेटचा वार्ताहर. पण शहरात मुलींची स्पर्धा भरली आणि आमच्या क्रीडा पानाला माणूस एकच, तो मी. बॉल हाणायचा, बेस नावाच्या ठिकाणांना शिवत पळायचं, फेरी पुरी करून घरी आलं की एक रन. तीन जणी आऊट झाल्या की डाव दुसरीकडे. एवढ्या शिदोरीवर मी शहरातला बेसबॉलचा जाणकार ठरलो होतो. वासरांत लंगडी गाय शहाणी.

फायनलमध्ये आमच्या जिल्ह्याच्या मुली तीन रननं मागे होत्या. दोघी बेसवर उभ्या होत्या. बॅट घेऊन निघालेल्या मुलीचं नाव मी कोच शेख सरांकडून लिहून घेतलं. रेखा, करमाडची. त्या दिवशी ती दोनदा बॉलला बॅट न लावताच आऊट झाली होती. तिसऱ्यांदा काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता.

आणि मला डाक गाठायची होती. बाहेरगावी जाणाऱ्या आवृत्तीला आम्ही डाक म्हणायचो. तिची गाडी लवकर सुटायची, म्हणून पान सातला लावावं लागायचं. शहर आवृत्तीला नंतर बराच वेळ असायचा. औरंगपुऱ्यातल्या ऑफिसात पोचलो आणि एका दमात बातमी लिहिली. शेवट असा केला: 'अखेरची आशा असलेली करमाडची रेखा बाद झाली आणि जिल्ह्याचे स्वप्न भंगले.' वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं.

पान गेल्यावर तासाभरानं शेख सर पेढ्यांचा पुडा घेऊन जिना चढून आले.

"साब, मुंह मीठा करो! जिंकलो आपण, आठ-सात!"

"कसं काय?"

"रेखानं असा हाणला, बेसवरच्या दोघी घरी आल्या. मागच्या पोरीनं रेखाला आणलं, अन् त्या पोरीला तिच्या मागचीनं. तुम्ही होते ना तिथं?"

पेढा तोंडातच राहिला. मी वृत्तसंपादक जोशी साहेबांकडे धावलो.

"डाकची गाडी गेली," ते म्हणाले. "शहर आवृत्तीत दुरुस्त करा. आणि तोंड एवढं कशाला पाडता? तिकडे बेसबॉल कोण वाचतंय?"

मला ते पटलं. सोयीचं होतं, म्हणून लगेच पटलं.

तिसऱ्या दिवशी शेख सर पुन्हा आले. हातात पुडा नव्हता.

"साब, गडबड झाली. रेखाचं नाव राज्याच्या शिबिराला आलंय. सोमवारी पुण्याला निघायचंय. अन् तिचे आजोबा नको म्हणायलेत."

"का?"

"पोरगी मेडल गळ्यात घालून घरी गेली, जिंकलो म्हणाली. सकाळी पेपर आला, त्यात ती आऊट. गावात एकजण म्हणाला, असली मेडलं दुकानात लई मिळत्यात. आजोबा म्हणतेत, हरून आल्यावर जिंकलो म्हणणारी पोर मी परगावी धाडणार नाय. दोन दिवस झाले, पोरगी नीट जेवली नाय साब."

तिकडे बेसबॉल सगळे वाचत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच शहर आवृत्तीचा अंक घेऊन मी करमाड गाठलं. आजोबा, म्हणजे आबा, ओसरीवर बसले होते. शेजारचे दोघे-तिघे होते. रेखा दारात उभी होती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं एकदाच माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

मी अंक पुढे केला. आबांनी आतून त्यांचा अंक मागवला आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवले.

"पेपर एकच. तारीख एकच. शहरात पोरगी जिंकली अन् आमच्याकडं हरली? गाव बघून बातमी देता व्हय?"

"तसं नाही आबा. तुमचा अंक आधी छापतात. तोवर मॅच संपली नव्हती."

"मग हिला बाद कुणी केलं?"

ऑफिसच्या अडचणी, गाडीची वेळ, सगळं तोंडाशी आलं होतं.

"मी केलं," म्हणालो. "मी मॅच सोडून आधीच निघालो होतो. न बघताच लिहिलं. तुमची नात खरं बोलली."

आबा म्हणाले, "हे आता बोलले, तसंच आमच्या अंकात छापा. शहराच्या नाय."

जोशी साहेबांनी माझा मजकूर वाचला आणि कपाळाला हात लावला.

"क्रीडा पानावर दिलगिरी? उद्या कुस्तीवाले रांग लावतील. आणि वार्ताहर आधी निघाला हे कशाला? 'तांत्रिक कारणामुळे' लिहा."

"तांत्रिक काही नव्हतं साहेब. मी निघालो होतो."

"तुमचंच नाव खराब होईल."

"तिचं झालंच आहे."

त्यांनी मजकूर ठेवून घेतला. पण शनिवारी जाहिराती आल्या, रविवारी कुस्तीचं मैदान आलं. सोमवारच्या अंकातही दिलगिरी नव्हती. दुपारी मी घाबरत शेख सरांना फोन लावला. पोरीचं शिबिर माझ्यापायी गेलं, हेच ऐकायची तयारी ठेवली होती.

"गेली की साब, सकाळच्या गाडीनं!" ते म्हणाले. "आबाच आले होते बसवायला. मी विचारलं, पेपरात तर अजून आलं नाय? तर म्हणले, माणूस दारात येऊन चुकलो म्हणला, मला तेवढं बास. पेपरात गावासाठी येऊ द्या."

दिलगिरी मंगळवारी डाकमध्ये आली, खाली कोपऱ्यात, माझ्या नावासकट.

त्यानंतर मी शेवटचा आऊट पडेपर्यंत मैदान सोडलं नाही. कधी डाकची वेळ गळ्याशी आलीच, तर शेवटी एवढंच लिहायचो: 'वृत्त देईपर्यंत सामना सुरू होता.' वाक्य अळणी आहे, जोशी साहेबांना कधीच आवडलं नाही. पण त्यात कुणी बाद होत नाही.