ते वाकणं माझं होतं

“अजून वाक.”

खुर्चीत बसलेला डायरेक्टर चौथ्यांदा म्हणाला. मी वाकले. सगळं गाव आडाभोवती उभं राहून बघत होतं. शेजारी सिनेमाची नटी छत्रीखाली उभी. पाणी मागताना बाई कशी वाकते, ओंजळ कुठं धरते, ते तिला जमत नव्हतं. म्हणून मुकादमानं खडी फोडायच्या कामावरून मला उठवून आणलं होतं. नाही म्हटलं असतं तर काम गेलं असतं. मी एकोणीस वर्षांची. सातवी पास.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. सिनेमावाल्यांना भेगाळलेली जमीन हवी होती, ती आमच्या बेंबळीच्या बाजूला हवी तेवढी. आड मात्र कोरडा. मग त्यांनी सोलापूरहून टँकर आणून आडात रिकामा केला, कॅमेऱ्यापुढं बादली भरून वर यावी म्हणून. आम्ही बौद्ध. त्या आडाच्या पायरीवर आम्ही चढायचं नाही, खाली उभं राहायचं, वरून कुणी ओतलं तर घ्यायचं, हीच रीत. धर्म बदलल्यावर बापानं तिथं जाणं सोडलं, वस्तीत आपला आड खणला. दुष्काळात तो आटला आणि आई परत त्या पायरीखाली जाऊन उभी राहू लागली.

पाणी ओतायला डायरेक्टरचा माणूस पुढं झाला. तेवढ्यात आबासाहेब उठले. गावचे पाटील, सोसायटीचे चेअरमन.

“थांबा, मी वततो. मला सवय हाय.”

लोक हसले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. आबासाहेबांनी मुद्दाम हात उंच धरला. पाणी नाकातोंडात गेलं, कोपरावरून ओघळलं, चोळी भिजली. डायरेक्टर ओरडला, “हेच! असंच पाहिजे!” आणि खरं सांगते, मी ते पाणी प्याले. सकाळपासून घशात थेंब नव्हता. त्यांचं ओतणं झोंबतंच, पण माझं पिणं त्याहून झोंबतं.

दोन वर्षांनी सिनेमा लागला आणि बोंबाबोंब झाली. उस्मानाबादच्या टॉकीजवर दगड पडले. पोस्टरांना शेण फासलं. गावाची बदनामी केली म्हणे. तिकडं पुण्या-मुंबईचे पेपर नटीच्या त्या एका वाकण्यावर रकानेच्या रकाने लिहीत होते. तिनं म्हणे सहा महिने खेड्यात राहून अभ्यास केला. साफ खोटं. दोन दिवस होती, मुक्काम सोलापूरच्या लॉजवर. मी दुपारच्या खेळाला जाऊन पाहिलं. मान, गुडघे, ओंजळ, सगळं माझं तिनं उचललं होतं. शेजारची बाई हुंदके देत होती. मी खेळ अर्धा टाकून बाहेर आले.

आठ दिवसांत आबासाहेबांनी शाळेपुढं सभा घेतली. तहसीलदार आले, पेपरवाला आला. कागद तयार होता: सिनेमात दाखवला आहे तसला प्रकार आमच्या गावात कधीही घडलेला नाही. वस्तीतल्या पुरुषांनी अंगठे उठवले होते. काय करतील, त्यांच्याच रानात राबत होते. पण सिनेमात बाई होती, म्हणून सही करणारी बाई पाहिजे होती. वस्तीत सही येणारी बाई मी एकटी.

“कर गं सही. भाऊ सोसायटीत शिपाई हाय न्हवं तुझा?” आबासाहेब हसत म्हणाले.

मी कागद मोठ्यानं वाचला. मग विचारलं,

“आबासाहेब, शूटिंगच्या दिशी पाणी कुणी वतलं?”

त्यांनी पेन माझ्यापुढं केलं.

“तुमीच म्हणलात, मला सवय हाय. कशाची सवय व्हती ती?”

“लई शिकलीस व्हय गं!”

“व्हय. लिवायला बी शिकले.”

कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर लिहिलं: कुणी ओतलं, किती उंचावरून ओतलं, कोण कोण हसलं. आबासाहेबांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली सही ठोकली आणि कागद पेपरवाल्याच्या हातात दिला.

पेपरात छापून आलं की गावात एकोपा आहे. मी लिहिलेली एक ओळ आली नाही. त्याच आठवड्यात भावाला काढलं. आई महिनाभर माझ्याशी बोलली नाही. भाऊ अजून नीट बोलत नाही.

आता आबासाहेब साखर कारखान्याच्या निवडणुकीला उभे आहेत. परवा त्यांचा मुलगा घरी आला. पहिल्यांदाच आमच्या उंबऱ्याच्या आत.

“अक्का, झालं गेलं जाऊ द्या. आबांचं वय झालंय. भावाला कारखान्यात चिकटवतो.”

भाऊ माझ्याकडं बघत होता. ते बघणं मला सोसवत नव्हतं. तरी म्हणाले,

“माफी मागायची आसंल तर त्यास्नी येऊ द्या. आडापशी, समद्या गावादेखत.”

तो उठून गेला. आबासाहेब आले नाहीत, येणारही नाहीत. बरंच झालं. मला सूड हवा आहे. लोकांना हा शब्द आवडत नाही, मला आवडतो. आमच्यात कुणाकडं कारखान्याचा शेअर नाही, म्हणून मत नाही. तोंड आहे. बेंबळीच्या बाजारात सांगून आले, अणदूरला सांगितलं, जळकोटला सांगितलं. तुम्ही पाहिलात तो सिनेमा खरा आहे, पाणी ओतणारा माणूस हा, आणि हे त्याचं नाव. माणसं पिशव्या खाली ठेवून ऐकतात.

आबासाहेब पडले तर मी वस्तीत पेढे वाटीन. निवडून आले तर गळिताच्या हंगामात कारखान्याच्या फाटकापुढं जाऊन उभी राहीन. उसाच्या गाड्या तिथं दिवसदिवस रांगेत थांबतात. गाडीवानांना वेळच वेळ असतो. एकेकाला गाठून नावानिशी सांगेन.